माडीवरची खोली आणि लग्नाची ट्रंक

आमच्या नेसरीकडच्या भागात पोरगी चौदा वर्षांची झाली, की तिच्या नावानं घरात एक ट्रंक यायची. माझी आली तेव्हा मी आठवीत होते. हिरव्या रंगाची, झाकणावर दोन गुलाब काढलेली, कडी चांगली बोटाएवढी जाड. आईनं ती माजघरात कणगीशेजारी ठेवली, किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि मला बजावलं, "हात लावायचा न्हाई. तुजी हाय." जी वस्तू माझी तिला मीच हात लावायचा नाही, हे काय त्रांगडं आहे, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण आईपुढं बोलायची कुणाची टाप होती!

ट्रंक हळूहळू भरत गेली. गडहिंग्लजच्या बाजाराला गेलं की आई एखादं पितळेचं भांडं आणायची आणि मला न दाखवता आत टाकायची. त्यात माझी भर म्हणजे रुखवताचं सामान. राजहंस भरलेले उशांचे अभ्रे, मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, आणि 'सुस्वागतम्' लिहिलेली एक चौकट, तिच्यात दोन्ही बाजूंना पोपट. हे सगळं मी केलं, पण मनापासून नव्हे. शेजारच्या पोरी करत होत्या म्हणून केलं. पाव्हणे मला बघायला आले की ट्रंकेतनं हे बाहेर यायचं, भिंतीला लागायचं, खाटेवर पसरायचं. पाव्हणे पोपटाकडं बोट करून विचारायचे, "हे पोरीनं केलंया?" आई म्हणायची, "व्हय तर!" पाव्हणे गेले की सगळं परत घडी घालून आत.

असे पाव्हणे पंधरा-सोळा वेळा तरी आले असतील. कुणाला मी उंच वाटले, कुणाला माझी नोकरी नको होती, दोघांना मीच नको म्हटलं. प्रत्येक वेळी पोपट निघाले आणि प्रत्येक वेळी परत गेले. घरात मी थोरली, म्हणून मला सगळे अक्का म्हणत, आईसुद्धा. "अक्काचं अजून व्हायचं हाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मी स्वतःच अजून व्हायची आहे असं मला वाटायला लागलं होतं.

नोकरी होती कोल्हापुरात, बांधकाम खात्याच्या ऑफिसात. मी ट्रेसर. ट्रेसर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे, त्यावर निळसर गुळगुळीत ट्रेसिंगचं कापड ताणून मी तो काळ्या शाईनं गिरवायची, म्हणजे त्याच्या हव्या तितक्या प्रती निघायच्या. शाईचा एक थेंब पडला की दिवसाचं काम मातीत. दिवसभर लोकांची घरं गिरवायची, सरकारी क्वार्टर्स, दवाखाने, डाक बंगले. भिंत म्हणजे दोन रेषा, दार म्हणजे पाव गोल. गिरवता गिरवता मला एक खोड लागली. ह्या खोलीत माणूस बसेल कुठं, खाट कुठं टाकेल, सकाळी डोळे उघडल्यावर त्याला काय दिसेल, हे मी मनात मांडत बसायची. एकदा न राहवून साहेबांना म्हटलं, "साहेब, हितं कॉट टाकली तर दार उघडायचं नाही." साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गिरवा." गिरवलं. पण माझं बरोबर होतं, आजही सांगते.

राहायला मामाकडं होते. मामाच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक पडदा लावला होता, त्या पडद्याआड माझी वळकटी आणि पत्र्याची पेटी. दहा वर्षं मी त्या पडद्याआड काढली. मामा-मामी प्रेमाची माणसं, पण बाहेरची खोली म्हणजे मामीचा दरबार. कोल्हापुरात तेव्हा शोकेसची साथ आली होती. देवी-गोवर परवडला! ज्याच्या त्याच्या घरात काचेचं कपाट, त्यात एक बाहुली, एक ताजमहाल, न वापरलेला कपबशीचा सेट आणि दर दिवाळीला साबणानं धुतलेली प्लॅस्टिकची फुलं. मी त्या खोलीत बसले की माझा जीव घाबरा व्हायचा. का, ते कळत नव्हतं. सगळ्यांना आवडतंय आणि आपल्यालाच आवडत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं मी धरून चालले होते.

एकतिसाव्या वर्षी मी मंगळवार पेठेत माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. मामा दोन दिवस बोलला नाही. मामीनं तोंडानं नको म्हटलं, पण पडदा मात्र त्याच दिवशी काढून धुवायला टाकला. घर होतं गादीवाल्यांचं. खाली कापूस पिंजायचं आणि गाद्या शिवायचं दुकान, मागं ते राहायचे, आणि वरची खोली मोकळी. मालकीणबाईंना सारी गल्ली चाची म्हणायची. गोऱ्या, ठेंगण्या, तोंडात कायम सुपारी, केसांत कायम कापसाची एखादी पुंजी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकटीच?"

"एकटीच."

"नवरा बदलीवर हाय काय?"

"नवराच नाही."

"बरं हाय मग," चाची म्हणाल्या, "पाणी सकाळी सहाला येतंय, एक घागर जास्त भरून ठिवत जा." झालं. एवढ्या वर्षांत माझ्या लग्नावरचं इतकं आटोपशीर बोलणं मी ऐकलं नव्हतं.

खोली दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, एका बाजूला ओटा, आणि पश्चिमेला मोठी खिडकी. पहिल्या दिवशी ती रिकामी खोली बघून मला रडूच आलं, आनंदानं. मग मी माझ्या धंद्याच्या पद्धतीनं कामाला लागले. फूटपट्टीनं खोली इंचाइंचानं मोजली. ऑफिसातल्या वाया गेलेल्या कागदावर मापात नकाशा काढला. फर्निचरसाठी जाड कागद पाहिजे होता, तर माझ्याकडं लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला. मैत्रिणींच्या, त्यांच्या बहिणींच्या, नंतर नंतर भाच्यांच्याही. बिनलग्नाच्या बाईकडं पत्रिका फार साठतात. त्या कापून मी मापात कॉट केली, टेबल केलं, कपाट केलं, दोन खुर्च्या केल्या. एका खुर्चीवर 'शुभमुहूर्त' आलं होतं. रोज ऑफिसातून आले की नकाशा पसरून ते तुकडे सरकवत बसायची. पंधरा दिवस हा खेळ चालला. इतकी सुखी मी आधी कधी नव्हते.

शेवटी मांडणी पक्की झाली. सुताराकडून सागवानी कॉट करून घेतली, साडेसहा बाय चार, भक्कम. रविवारी हातगाडीवरून ती दारात आली आणि जिन्यापाशी अडकली. जिना लाकडी, अरुंद, मधे एक वळण. खोली मी इंचाइंचानं मोजली होती, जिना मोजलाच नव्हता! दहा वर्षं ऑफिसात जिने गिरवणारी बाई मी, आणि ही अक्कल.

मग काय, गल्ली जमली. कोल्हापूरची गल्ली ती, सल्ला द्यायला मागं सरते काय? "तिरकी धरा की!" "पाय वर करा, पाय!" "अवो पावणं, मागं सरा जरा, तुमचंच पोट मधी येतंय!" कॉट तिरकी झाली, उभी झाली, आडवी झाली, भिंतीचा गिलावा निघाला, पण वळणावरून हलेना. चाचींचे यजमान दुकानातून शांतपणे बाहेर आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, घर उचलून कॉटवर ठेवाय येतंय काय बगूया का?" सारी गल्ली हसली. मीही हसले. कॉट आली तशी परत गेली. वर येऊन दार लावलं आणि जमिनीवर बसून मी रडले. रांडेच्या जिन्यानं माझी पंधरा दिवसांची मांडणी मोडली होती.

तासाभरानं चाची वर आल्या. खांद्यावर एक नुसती गादी, अजून खोळ नसलेली, मांजरपाटाची. खोलीच्या मधोमध टाकली आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस भुईवर झोप. भुई काय चावत न्हाई." त्या गेल्या, मी आडवी झाले. आणि आडवं पडून मी खोलीकडं पहिल्यांदा बघितलं.

माडीची खिडकी जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर होती. उभं राहिलं की तिच्यातनं समोरच्यांचे पत्रे, वाळत घातलेली लुगडी आणि कुणाचं तरी न्हाणीघर दिसायचं. झोपलं की नुसतं आभाळ. उशी थोडी उंच केली तर पत्र्यांच्या वर पन्हाळ्याची रांग. कॉट आली असती तर खिडकी निम्मी झाकली असती. ही खोली जमिनीवर बसायची होती! मी पंधरा दिवस उभ्यानं मांडणी केली होती, म्हणून मला ती कळलीच नव्हती. मी उठले, नकाशा घेतला आणि कॉट, टेबल, खुर्च्या सगळे तुकडे फुंकर मारून उडवून दिले. राहिली ती मोकळी खोली, आणि मला एकदम कळलं की मला हेच आवडतं. मामीच्या खोलीत जीव का घाबरा व्हायचा तेही कळलं. तिथं डोळ्याला टेकायला जागाच नव्हती.

त्यानंतर मी सुटलेच. चाचींच्या यजमानांकडून एक लांब बैठक शिवून घेतली, चार बोटं जाडीची, दोन लोड, सगळ्यांना कोरा मांजरपाट. ते म्हणाले, "बाई, मांजरपाट आत असतोय, वर खोळ घालत्यात." म्हटलं, "असू द्या, आतलंच बाहेर दिसू दे." जमिनीवर एक काळं घोंगडं अंथरलं. विटांवर फळी टाकून पुस्तकं मांडली. कुंभाराकडून एक बुटका माठ आणला आणि ओट्यावर न ठेवता खिडकीच्या कडेला ठेवला. भिंतीला चुन्यात पिवडी घालून रंग मीच दिला. ओला होता तेव्हा असा काही भडक दिसला की चाची दारातच थांबल्या. "अगं बया! भिंतीला हळद लागली, तुला कवा लागायची?" मी म्हटलं, "भिंतीचं तरी होऊ दे की चाची." वाळल्यावर रंग सायीसारखा मऊ उतरला. संध्याकाळचं ऊन त्या भिंतीवर यायचं तेव्हा मी चहाचा कप घेऊन समोर बसायची आणि मला दुसरं काही नको असायचं.

ऑफिसातल्या बायका बघायला आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "सामान यायचंय वाटतं अजून?" दुसऱ्यांदा आल्या आणि उठेचनात. तिसऱ्यांदा एकीनं हळूच विचारलं, "माझ्याकडची बाहेरची खोली जरा बघून सांगशील काय?" मी गेले, तिची शोकेस आतल्या खोलीत ढकलली, खाट खिडकीकडून काढून भिंतीकडं लावली. तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन सांगितलं, "बाई, घर मोठं झालं." पुढं मी अशी पुष्कळ घरं हलवली, पण ते वाक्य ऐकून मी बारा वाजेपर्यंत पेन उचललं नव्हतं. आपल्याला काहीतरी येतंय, हे माणसाला एकतिसाव्या वर्षी कळलं तरी चालतं.

एकच गोष्ट राहिली होती. त्या कोऱ्या बैठकीवर काहीतरी एक पाहिजे होतं. लाल चादर टाकून बघितली, डोळ्यात गेली. छापील टाकली, मामीची खोली आठवली. आणि मला ठाऊक होतं काय पाहिजे ते. ट्रंकेत तळाला एक वाकळ होती. एका उन्हाळ्यात आईनं शिवलेली, तिची जुनी लुगडी, आजीचं एक इरकली आणि माझे लहानपणीचे परकर फाडून. निळी, विटकरी, काळी. टाके इतके बारीक की तांदळाचे दाणे ओळीनं मांडावेत तसे. घरातली सगळ्यात सुंदर वस्तू ती, आणि ती कुणी कधी पांघरली नव्हती. शिवाय मला भांडीही पाहिजे होती. मी ॲल्युमिनियमच्या दोन पातेल्यांत सगळा स्वयंपाक करत होते आणि माझ्या नावाची भांडी गावात अंधारात बसली होती.

बैलांच्या सणाला, बेंदराला, गावी गेले. जेवणं झाल्यावर आई ओसरीत बसली होती, तिच्या शेजारी बसून मी सरळ विषय काढला. "आई, ट्रंक उघड. वाकळ आणि भांडी घेऊन जाते कोल्हापूरला."

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ती लग्नाची हाय."

"लग्नाची कसली? माझीच हाय न्हवं? तूच म्हणालतीस."

"तुजी हाय. पर लग्नाची हाय."

"आई, मी बत्तिशीला आले. आता कोण येणाराय पोपट बघायला?"

"येतंय. गेल्या वर्षी उत्तूरच्या पोरीचं पस्तिसाव्या वर्षी झालं."

"दुसरेपणावर झालं! तीन पोरं हाईत त्याला!"

मला थांबायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव आईचाच, नाकावर राग. मी म्हटलं, "मग मी मेल्यावर उघड. तिरडीवर घाल ती वाकळ."

"जीभ झडंल तुजी!" आई ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "अक्का, तुला कळना झालंय. ट्रंक उघडली म्हंजी आशा सोडली असं हुतंय."

"लोक काय, काहीही म्हणतात."

"लोकं न्हवं," आई म्हणाली. "मी."

सतरा वर्षं ती किल्ली कमरेला लावून फिरत होती. मला ती ट्रंक म्हणजे भांडी आणि वाकळ वाटत होती. तिला त्यात माझा नवरा, माझी पोरं, माझं दार दिसत होतं. मी सकाळच्या एस.टी.नं परत आले, रिकाम्या हातानं. आईला बोललेलं ते तिरडीचं वाक्य गाडीत माझ्या शेजारी बसून कोल्हापूरपर्यंत आलं. आई ट्रंक देणार नाही याचं दुःख होतं, पण खरं भय वेगळंच होतं. माझ्या ह्या खोलीला माझी आई कधी घर म्हणणारच नाही. माझं घर तिच्या लेखी ट्रंकेत बंद होतं, आणि ही खोली म्हणजे मुक्कामाची जागा.

चार-पाच महिने गेले. गुऱ्हाळं सुरू झाली आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीत गूळ घेऊन आले. सौदा दुपारीच उरकला, म्हणून मला बघायला माडीवर आले. आप्पा बोलायचे कमी. दारात चपला काढल्या, आत आले, सगळीकडं एकदा बघितलं, बैठकीवर बसले, लोडाला टेकले आणि मी चहा गाळेपर्यंत घोरायला लागले. आप्पा परक्याच्या घरी कधी पाठ टेकत नसत. मामाकडं आले तरी खुर्चीत अवघडून बसायचे, हातात टोपी. इथं ते दोन तास झोपले, तोंड उघडं, पायाची बोटं मोकळी. मी चहा झाकून ठेवला आणि त्यांच्याकडं बघत बसले. उठल्यावर चहा पिऊन जाताना एवढंच म्हणाले, "झोप चांगली लागती गं हितं." आणि खाली उतरले.

गावी जाऊन ते आईला काय बोलले ते मला कधी कळलं नाही. संक्रांत झाल्यावर एका सकाळी, मी ऑफिसला निघायच्या तयारीत, तर खालून चाचींची हाक आली. डोकावून बघितलं तर दारात आई. हातात पिशवी, आणि मागं हमालाच्या डोक्यावर ट्रंक. गुलाब पार उडालेले.

ट्रंक जिन्याच्या वळणावरून अलगद वर गेली. आई मागोमाग आली, उंबऱ्यात थांबली आणि खोलीभर नजर फिरवली.

"खाट न्हाई?"

"नाही."

"खुर्च्या?"

"नकोत मला."

"कपाट न्हाई, आरसा न्हाई. काईच घेतलं न्हाईस की गं अजून!" आई म्हणाली. रागानं नाही, काळजीनं, आणि तेच मला लागलं. वर्षभर जीव ओतून केलेली खोली तिला रिकामी दिसली. म्हटलं, "मला असंच आवडतं." आई म्हणाली, "आसंच म्हंजी कसं?" ट्रंकेला हात लावायचं तिनं नाव काढलं नाही, मीही नाही. किल्ली कमरेलाच होती. त्या दिवशी रजा मिळण्यासारखी नव्हती. "भाकरी झाकून ठेवलीय, पडून राहा," म्हणून मी निघाले.

ऑफिसात दिवसभर मन लागलं नाही. दोनदा शाईचा थेंब पडला. ही ट्रंक आणलीय कशाला? बहुतेक एखादं स्थळ असेल कोल्हापुरातलं, पोपट लावायला आली असेल माझ्या भिंतीवर. लावू देत, मी मनाशी म्हटलं. तिरडीचं बोललेय मी, एवढं तरी सोसायला पाहिजे. संध्याकाळी पाय ओढत घरी आले. दुकानाच्या मागच्या अंगणात नळापाशी चाची आणि आई बसल्या होत्या, दोघींच्या मधे चिंचेचा गोळा आणि राख. शेजारच्या घरातली बाई भिंतीवरून डोकावून विचारत होती, "पावण्या कुठल्या म्हणायच्या?"

"अक्काची आई मी," आई म्हणाली. "नेसरीकडनं आलोय."

"ऱ्हाणार हाईसा?"

"ऱ्हाणार की आठ दिस. लेकीचा संसार लावून द्याय आलोय."

मी बोळातच थांबले. लग्न झालेल्या पोरीचं नवं बिऱ्हाड झालं की तिची आई येते, आठ दिवस राहते, डबे भरते, चूल मांडून देते. गावातल्या कितीतरी आया अशा मुंबई-पुण्याला जाऊन आल्या होत्या आणि येऊन महिनाभर त्याच गप्पा सांगत होत्या. माझ्या आईच्या वाट्याला ते आलं नव्हतं. ती गप्प बसून ऐकायची.

वर गेले तर ट्रंक उघडी होती आणि रिकामी होती. सगळं घोंगड्यावर ओळीनं मांडून ठेवलेलं. अभ्रे, तोरण, रुमाल, घडी घातलेली वाकळ, आणि पुढं पितळेची भांडी, घासून लखलखीत. भिंतीला काही लावलं नव्हतं, फळीवर काही ठेवलं नव्हतं. आई माझ्या मागून जिना चढून आली, धापा टाकत, पदराला हात पुसत. मी एक तांब्या उचलला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव कोरलेलं होतं, जुनं, काळवंडलेलं. आणि त्याच्या पुढं आमच्या घराण्याचं आडनाव, कोरं करकरीत, आजचं.

मी आईकडं बघितलं.

"घेतानाच नाव घालून घेतलंतं," आई म्हणाली. "म्होरची जागा तेवढी सोडाय सांगितलंतं. कुठलं आडनाव लागतंय कुणाला म्हाईत, म्हणून. अकराच्या अकरा भांड्यांवर सोडलीती." ती बैठकीच्या कडेला टेकली. "आज ह्या चाचीला घिऊन म्हाद्वार रोडला भांडीवाल्याकडं गेलतो. पोत्यात घालून नेली दोघींनी. दुकानदार म्हणला, काय घालू? म्हणलं, तिच्या बाचंच घाल. तिचं तिचंच घाल."

मी म्हटलं, "आई, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बोललीस. जळ्ळं ते," आई म्हणाली. "तू वाच की आता. मला कुठं वाचाय येतंय? त्यानं बराबर घातलंया न्हवं?"

मी वाचलं. हळूच.

"मोट्यानं वाच."

मी माझं नाव वाचलं, बापाचं आडनाव वाचलं, मोठ्यानं. खाली अंगणात चाचींनाही ऐकू गेलं असेल.

"हं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तांब्या माझ्या हातातून घेतला, पदरानं एकदा पुसला आणि त्या सगळ्या मोकळ्या खोलीकडं बघत विचारलं, "आता ह्यो कुठं ठिवायचा, सांग. तुजं घर हाय, मी मनानं न्हाई ठिवायची."

मी बोटानं माठाजवळची जागा दाखवली. तिनं तिथं तो ठेवला, आणि दुसरं भांडं उचलून परत माझ्याकडं बघितलं.